हेडफोन काढता येतो

लंडनच्या दक्षिणेला बेकनहॅममध्ये ‘बेथलेम म्युझियम ऑफ द माइंड’ आहे. आत जिन्यापाशी सतराव्या शतकातले दोन दगडी पुतळे पहुडलेले आहेत. एक साखळदंडात, दुसरा नजर हरवलेला. पूर्वी ते बेथलेम मनोरुग्णालयाच्या फाटकावर होते. त्या फाटकातून लोक वेडे बघायला जायचे, चक्क सहलीला गेल्यासारखे. 1770 मध्ये ते बंद झालं. रुग्णालयाच्या नावाचा अपभ्रंश ‘बेडलम’ मात्र गोंधळाला शब्द म्हणून इंग्रजीत उरला. आपण ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतो, तसंच काहीसं.

आता बघायचं नाही, अनुभवायचं, असा काळ आहे. पॅट्रिशिया डीगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं उदाहरण घ्या. त्यांना स्वतःला किशोरवयात स्किझोफ्रेनियाचं निदान झालं होतं. त्यांनी एक प्रशिक्षण तयार केलं: हेडफोनवर छळणारे आवाज ऐकायचे आणि त्याच वेळी साधी कामं करायची. पुढे ही कल्पना प्रदर्शनांत आणि व्हीआर हेडसेटमध्येही गेली.

तसलं एक रेकॉर्डिंग कानात घालून मी भाजी आणायला गेलो. पैसे दोनदा द्यायला निघालो. घरी येऊन हेडफोन काढला आणि चहा टाकला.

माझ्या मामाला खरेच आवाज ऐकू यायचे. तो रेडिओ मोठ्याने लावून बसायचा. आम्हाला वाटायचं, मामाला क्रिकेटचं वेड आहे. त्या दिवशी मला त्याची कीव आली, आणि खोटं कशाला सांगू, थोडी भीतीही वाटली. असा माणूस शेजारी नको, अशी. मी एकटाच तसा नाही. अशा प्रयोगांवरच्या अभ्यासांचा 2011 साली एक आढावा निघाला, त्यात हेच दिसलं: सहानुभूती वाढते, पण अंतर राखण्याची इच्छाही वाढते. पाच मिनिटांत फक्त त्रास कळतो. त्या त्रासासकट माणूस नोकरी कशी करतो, भाच्यांना चिंचा कशा आणून देतो, हे हेडफोनमध्ये नसतं.

म्हणून मला बेथलेममधला दुसरा एक प्रकार जास्त प्रामाणिक वाटतो. तिथे तुम्हाला रुग्ण बनवत नाहीत. एका रुग्णाची बाजू समोर ठेवतात आणि विचारतात, हिला इच्छेविरुद्ध दाखल करायचं का? ठरवा. यात थरार काही नाही, उलट अवघडल्यासारखं होतं. आपण बहुतेक जण आयुष्यात याच बाजूला उभे असतो: सही करणाऱ्यांच्या.

मामाला दाखल करायचं ठरलं तेव्हा तो शेजारच्या खोलीत होता. रेडिओ चालू होता. त्याला विचारायला कोणीच उठलं नाही.