'पाणी', 'पानी' आणि वाचन शिकविणारे यंत्र

लहान मुलांना वाचायला शिकविणाऱ्या यंत्रांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. जयजयकार विकणाऱ्यांचा, भीती पांढरपेशांची. ज्यांच्या घरात वाचणारी ही पहिलीच पिढी, त्यांच्या बाजूने या यंत्रांची चिकित्सा फारशी होत नाही.

यंत्राला नाक मुरडण्याचे आपल्याला कारण नाही. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन नाही, असे बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना ठामपणे मांडले होते. आईबाप मजुरीवर गेलेले, घरात मुलाचे वाचन ऐकणारे कोणी नाही. ते काम यंत्र करू शकते. ते जात विचारीत नाही, हात उगारीत नाही, दहाव्यांदा चुकले तरी कंटाळत नाही. गूगलने मार्च २०१९ मध्ये 'बोलो' हे ॲप भारतात आणले. २०२० मध्ये ते 'रीड अलाँग' या नावाने मराठीसह इतर भाषांत आले. मूल मोठ्याने वाचते, यंत्र ऐकते, अडले तर मदत करते, जमले की तारे देते. ही कल्पना मोलाची आहे.

पण ऐकणारा कान कोणाचा?

वस्तीतल्या अभ्यासिकेत दुसऱ्याच एका ॲपवर तिसरीतली मुलगी गोष्ट वाचीत होती. 'पाणी'ला ती 'पानी' म्हणाली. शब्द लाल झाला. पुन्हा 'पानी', पुन्हा लाल. चौथ्या वेळी ती गप्प झाली. मी विचारले, "गोष्टीत काय झालं गं?" ती म्हणाली, "हिरीचं पानी आटलं, म्हून बाई लांब गेली." शेजारच्या मुलाने तेच पान घडाघडा वाचले, सगळे तारे मिळविले, गोष्टीतले एक वाक्य मात्र त्याला सांगता येईना. यंत्राच्या हिशेबी मुलगी नापास, मुलगा पास.

वाचन म्हणजे अक्षरातून अर्थापर्यंत पोचणे. 'पाणी' ही अक्षरे पाहून जिच्यापुढे आटलेली विहीर उभी राहिली, तिने तो शब्द वाचला. तोंडी तो 'पानी' होऊन आला, कारण तिच्या आईच्या बोलीत तो तसाच आहे. प्रमाण उच्चार शिकवू नये, असे माझे म्हणणे नाही. मुलाखतीत, कचेरीत त्याची गरज पडते. पण तो धडा वेगळा. दोन्ही धडे एक केले की बोलीच चूक ठरते. 'ण' आणि 'न' यांवरून वर्गात हसू झालेल्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. हसणाऱ्या मास्तरांशी निदान भांडता तरी येत होते.

पावलो फ्रेरी यांनी १९६३ साली ब्राझीलमधल्या अंजिकोस येथे सुमारे ३०० मजुरांना अक्षरे शिकविली, ती त्यांच्याच जगण्यातले शब्द घेऊन. आपल्या ॲपमधल्या गोष्टींत वीटभट्टी, ऊसतोड, तांडा किती वेळा येतो, हे शिक्षकांनी एकदा मोजून पाहावे.

नुसते यंत्र वर्गात आणल्याने भागत नाही, हे अमेरिकेनेही पाहिले आहे. तेथील सरकारी अभ्यासाच्या २००७ च्या अहवालात, पहिलीच्या वर्गांत वाचनाचे सॉफ्टवेअर वापरणारे आणि न वापरणारे यांच्या गुणांत लक्षणीय फरक आढळला नव्हता.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. यंत्राच्या कानाला वस्ती-तांड्यांवरच्या मुलांचे आवाज ऐकवा. 'पानी'ला लाल करू नका. वाचून झाल्यावर अर्थ विचारा. मुलाला स्वतःची गोष्ट आत घालू द्या. आणि यंत्र आले म्हणून शिक्षकाची जागा रिकामी ठेवू नका.

फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ताबाईने १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांचे दुःख मांडले. तिची अक्षरओळख फळाला आली ती तेथे. आमच्या अभ्यासिकेतली मुलगी अजून त्या वाटेवर आहे. यंत्राने तिला निदान गप्प करू नये.