खांद्यावरचा टॉवेल

डग्लस अ‍ॅडम्स 11 मे 2001 रोजी कॅलिफोर्नियात गेला, अवघ्या 49व्या वर्षी. दोनच आठवड्यांनी, 25 मेला, चाहत्यांनी पहिला ‘टॉवेल डे’ साजरा केला आणि तेव्हापासून तो दरवर्षी जगभर होतो. दिवसभर टॉवेल जवळ बाळगायचा, एवढाच विधी. लेखकाला वाहिलेली याहून चपखल आदरांजली माझ्या पाहण्यात नाही.

अ‍ॅडम्सची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ ही आधी 1978ची बीबीसी रेडिओमालिका, मग 1979ची कादंबरी. ज्यावरून हा दिवस निघाला तो टॉवेलचा उतारा कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात येतो. पृथ्वी पाडायला निघालेली परग्रहवासीयांची यानं डोक्यावर येऊन ठेपलीत, वाचकाचा जीव टांगणीला लागलाय, आणि निवेदक शांतपणे फोर्ड प्रीफेक्ट या पात्राची पिशवी उचकायला बसतो. अंतराळयानांना हात दाखवायचं यंत्र, त्याखाली काही पेनं, वही आणि तळाशी मार्क्स अँड स्पेन्सरचा मोठा टॉवेल! मग सुरू होतात त्याचे उपयोग. थंडगार चंद्रांवर पांघरायला, किनाऱ्यावर अंथरायला, तराफ्याला शीड म्हणून, ओला करून हाणामारीत. एका हिंस्र पण महामूर्ख प्राण्यासमोर तो डोक्याला गुंडाळायचा. आपल्याला तो दिसत नाही म्हणजे त्यालाही आपण दिसत नाही, अशी त्या प्राण्याची समजूत. अंग पुसणं सगळ्यात शेवटी, तेही टॉवेल तोवर स्वच्छ राहिला असेल तर! माझ्या मते सगळ्या उताऱ्याचा कळस या शेवटच्या अटीत आहे.

पण खरी मेख त्यापुढे. ज्याच्याकडे टॉवेल आहे त्याच्याकडे साबण, नकाशा, बिस्किटं, अगदी अंतराळपोशाखसुद्धा असणारच, असं लोक धरून चालतात आणि हवं ते खुशीनं उसनं देतात. अफाट विश्वात माणसाची पत एका साध्या कापडावर उभी राहते. ग्रीसच्या सुट्टीत स्वतःचा टॉवेल रोज हरवणाऱ्या अ‍ॅडम्सला हे सुचलं, हे मला फार लोभस वाटतं.

चाहत्यांना 42 हा आकडाही निवडता आला असता. त्या कादंबरीतला तोच जास्त प्रसिद्ध. पण आकडा फक्त सांगता येतो. टॉवेल खांद्यावर टाकला की अनोळखी माणूसही थांबून हसतो, विचारपूस करतो. उताऱ्यात सांगितलेला भरवसा असा रस्त्यावर खरा होतो.

येत्या 25 मेला टॉवेल घ्याच. त्याआधी ते तिसरं प्रकरण मात्र मोठ्यानं वाचा. ते मुळात कानांसाठी लिहिणाऱ्या माणसाचं गद्य आहे.