शंभर हातांचा विष्णू

वाईट पुस्तकांवर समीक्षकाने शाई खर्चू नये, असा संकेत आहे. दिवाळीच्या मंगल दिवसांत तर नाहीच नाही. तरीही आज मी अशा एका पुस्तकाविषयी लिहिणार आहे की, ज्यात वाङ्मयगुण औषधालाही नाही, पण ज्याने माणसांच्या कत्तलीला हातभार लावला. ‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’ हे त्याचे नाव.

१९०३ साली ते सेंट पीटर्सबर्गच्या ‘झ्नाम्या’ या पत्रात क्रमशः आले. ते छापणाऱ्या पावेल क्रुशेव्हानच्या दुसऱ्या एका पत्राने किशिनेव्ह शहरात ज्यूंविरुद्ध विखार पेरला होता, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तिथल्या दंगलीत ४९ ज्यू मारले गेले होते. ज्यूंच्या वडीलधाऱ्यांनी गुप्तपणे जग गिळंकृत करण्याचा बेत आखला, त्या बैठकीची ही टिपणे, असा पुस्तकाचा दावा.

आता हे पुस्तक आपण केवळ वाचक म्हणून वाचू. बोलतो कोण? नाव नाही. कुठे? कोणत्या दिवशी? पत्ता नाही. अशी कादंबरी कुणी संपादकाकडे नेली, तर तो ती साभार परत करील. पण इथे हा पोकळपणाच कामाला येतो. मोकळ्या जागेत वाचक आपल्या नावडत्या शेजाऱ्याचा चेहरा बसवतो. ही अशा रचनेची पहिली खूण.

दुसरी खूण खलपुरुषाच्या भाषणाची. आपल्या नाटकातला खलनायकही रंगमंचावर एकटा उभा राहून सारा कावा प्रेक्षकांना सांगतो. पण तो नाट्यसंकेत आहे, हे पिटातल्या प्रेक्षकालाही ठाऊक असते. चोवीस प्रकरणे भरतील इतक्या हौसेने स्वतःचे पाप लिहून ठेवणारा कटवाला मात्र नाटकाबाहेर भेटत नाही.

तिसरी खूण उसनवारीची. ऑगस्ट १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार फिलिप ग्रेव्हज याने ही चोरी मुद्देमालासह उघड केली. मॉरिस जोली या फ्रेंच वकिलाने १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनच्या हुकूमशाहीवर उपरोधिक पुस्तक लिहिले होते. त्यात मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू पाताळात संवाद करतात. ज्यूंच्या कटाचा त्यात मागमूस नाही. बनावटकाराने मॅकियाव्हेलीच्या तोंडची वाक्ये उचलली आणि ज्यूंच्या तोंडी घातली, इतकेच.

गंमत पाहा. आपल्या मुठीतल्या वृत्तपत्रांना विष्णूप्रमाणे शंभर हात असतील, अशी फुशारकी जोलीचा मॅकियाव्हेली मारतो. तो शंभर हातांचा विष्णू जसाच्या तसा ‘प्रोटोकॉल्स’मध्येही हजर आहे! आपल्याकडचे शाळकरी पोरही सांगेल की, विष्णू चतुर्भुज; आणि पंढरीचा तर दोनच हात कटीवर ठेवून उभा. दोन निरनिराळ्या लेखकांना एकच चुकीचा विष्णू आपोआप सुचत नाही. चूक हीच चोराची पाऊलखूण ठरते.

एवढे उघड झाल्यावर पुस्तक मरायला हवे होते. ते मेले नाही. हिटलरने १९२५ साली आपल्या आत्मचरित्रात उलटाच युक्तिवाद केला: ज्यूंची वृत्तपत्रे याला बनावट म्हणतात, म्हणूनच ते खरे! ही चौथी खूण, आणि सर्वांत भयंकर. जिथे होकारही पुरावा आणि नकारही पुरावा, तिथे पुराव्याला अर्थच उरत नाही. पुढे युरोपात काय झाले, ते सर्वांना माहीत आहे.

मग जगात कट होतच नाहीत काय? होतात. फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रेफसला दोषी ठेवण्यासाठी १८९६ साली आंरी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने खोटे पत्र बनवले. दोन पत्रांचे तुकडे जोडले. पण कागदांवरच्या रेघांचा रंग जुळेना, आणि १८९८ साली त्याला कबुली द्यावी लागली. खरा कट असा असतो: मोजकी माणसे, ठरावीक हेतू, हाताशी धरता येईल असा कागद, आणि माणसाच्या हातून होणारी चूक. शतकानुशतके न चुकणारे मंडळ फक्त कल्पनेतच भरते.

कोकणातल्या बेने इस्रायलांना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. मराठीत कीर्तने करणाऱ्या त्या ज्यूंना ज्यांनी शेजारी पाहिले, त्यांना जग गिळणारा ज्यू खरा वाटणे कठीण. ओळखीच्या चेहऱ्यापुढे हे पुस्तक फिके पडते.

आज अशा कथा छापखान्याची वाट पाहत नाहीत. फराळाच्या ताटाशेजारी ठेवलेल्या फोनवर येऊन बसतात. वाचकांनी त्या जरूर वाचाव्यात, पण वाचताना विचारावे: बोलतो कोण? हे आधी कुणाविषयी लिहिले होते? आणि काय सापडले, तर हे खोटे ठरेल? शेवटच्या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असे उत्तर आले, तर समोर शंभर हातांचा विष्णू उभा आहे, असे खुशाल समजावे.