अखंडता-परीक्षा आणि विद्युत् दाबाची निवड

तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विद्युत् प्रवाह जातो की नाही हे पाहणे म्हणजे अखंडता-परीक्षा, अशी रूढ व्याख्या आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. परीक्षा किती दाबाखाली केली हे सांगितल्यावाचून तिच्या निष्कर्षास अर्थ प्राप्त होत नाही. दाब हवा तसा नेमून देता येणाऱ्या अंकीय उपकरणांचे मूल्यमापन याच दृष्टीने करावयास हवे.

नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ व पुढे सुखोई-३० एमकेआय या विमानांची बांधणी झाली. लढाऊ विमानातील तारांचे जुडगे असंख्य कनेक्टरांतून जातात. काही तारा पंपांना व दिव्यांना वीज पुरवितात, तर काही केवळ क्षीण संकेत वाहतात. क्रोमेल-अॅल्युमेलचे थर्मोकपल, शीत टोक शून्य अंशावर असता, ५०० अंश सेल्सिअसला सुमारे २०.६ मिलिव्होल्ट एवढाच दाब देते. अशा भिन्न तारांना एकच कसोटी लावणे तर्कास धरून नाही.

जोडाच्या स्पर्शपृष्ठावर ऑक्साइडाचा पातळ थर साचतो. काही व्होल्टांचा दाब तो भेदू शकतो आणि उपकरण तार अखंड असल्याचा निर्वाळा देते. मिलिव्होल्टांचा संकेत मात्र तेथेच अडतो. शिवाय थर एकदा भेदला गेला की त्यानंतर कमी दाबाने केलेली परीक्षाही दोष दाखवील याची शाश्वती नाही. परीक्षाच दोषाचा पुरावा पुसून टाकते. म्हणून कनेक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मानकात मिलिव्होल्ट-पद्धतीसाठी दाबाची मर्यादा २० मिलिव्होल्ट व प्रवाहाची १०० मिलिअँपिअर आहे. इमारतीतील संरक्षक तारेसाठी मात्र ४ ते २४ व्होल्ट दाब व किमान ०.२ अँपिअर प्रवाह विहित आहे. या नियमांत विसंगती नाही. प्रश्नच दोन आहेत.

अल्प दाबाचा आणखी एक लाभ आहे. सिलिकॉन डायोड साधारणतः ०.६ व्होल्टांच्या आसपास वाहू लागतो. दाब ०.२ व्होल्टांखाली ठेवल्यास मंडलातील अर्धसंवाहक घटक वाचनात फारशी ढवळाढवळ करीत नाहीत.

तथापि या उपकरणांची थोरवी अवास्तव वाढविणे इष्ट नव्हे. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या, १९ धाग्यांच्या, १० मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.१७२ ओहम असतो. एका सेंटिमीटरात १८ धागे तुटून एकच उरला, तरी रोध फार तर ०.००३ ओहमांनी वाढेल. त्या जागी उष्णता मात्र १९ पट निर्माण होईल. ०.१ ओहमपर्यंतच वाचणारा मल्टिमीटर दोन्ही वेळा ०.२ दाखवील. चार तारांची पद्धत हा फरक टिपते खरी; परंतु तापमानातील पाच अंशांच्या बदलानेही तेवढाच फरक पडतो. येथे कोणताही दाब उपयोगी पडत नाही. जोड डोळ्यांनी पाहावा लागतो व तार ओढून तपासावी लागते.

सारांश, दाब बदलता येणे ही या उपकरणांची खरी शक्ती आहे. एकाच नेमून ठेवलेल्या दाबावर ती चालविल्यास ती वाया जाते. परीक्षेचा क्रम अल्प दाबाकडून अधिक दाबाकडे असावा, आणि अहवालात दाब, प्रवाह, पद्धत व तापमान यांची नोंद असावी. एवढ्या नोंदीवाचून दिलेला ‘अखंड’ हा शेरा प्रमाण मानता येणार नाही.