लघुछेद मोतीबिंदू शस्त्रक्रिया आणि दृष्टिवैषम्य : छेदाच्या स्थाननिश्चितीची चिकित्सा

प्रस्तावना :
हातांनी केल्या जाणाऱ्या लघुछेद मोतीबिंदू शस्त्रक्रियेचे मूल्यमापन बहुधा टाक्यांविना भरणारी जखम, अल्प खर्च आणि चष्म्यासह मिळणारी दृष्टी या निकषांवर होते. त्यात छेदाचा आकार व स्थान गौण ठरतात. वास्तविक रुग्णाला चष्म्याविना किती दिसेल, हे बऱ्याच अंशी त्यांवरच अवलंबून असते.

विवेचन :
या शस्त्रक्रियेत श्वेतपटलावर सुमारे ६ ते ७ मि.मी.चा छेद घेऊन पारपटलापर्यंत बोगदा केला जातो. छेद ज्या अक्षावर असतो, त्या अक्षातील पारपटलाची वक्रता कमी होते. दोन अक्षांतील वक्रतेची ही तफावत म्हणजे दृष्टिवैषम्य, अर्थात चष्म्याचा ‘सिलिंडर’ नंबर. छेदाच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात ते वाढते. छेद पारपटलापासून दूर घेतल्यास घटते. म्हणूनच टोके पारपटलापासून दूर वळणारा ‘फ्राउन’ छेद कडेला समांतर जाणाऱ्या ‘स्माइल’ छेदापेक्षा श्रेयस्कर ठरतो.

स्थानाचा प्रश्न अधिक उपेक्षित आहे. वृद्धांमध्ये बहुधा आडवा अक्ष अधिक वक्र असतो. वरच्या बाजूचा रूढ छेद उभा अक्ष आणखी सपाट करून हे वैषम्य वाढवतो, तर कानशिलाकडील छेद ते कमी करतो.

पुणे येथील ४०० डोळ्यांच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६ आठवड्यांनंतर चष्म्यासह ६/१८ वा अधिक चांगली दृष्टी फेको व लघुछेद या दोन्ही गटांत ९८.४ टक्के होती. चष्म्याविना मात्र ती अनुक्रमे ८१.१ व ७१.१ टक्के होती. सरासरी वैषम्य १.१ व १.२ डायॉप्टर, म्हणजे जवळपास समान. परंतु सर्वाधिक वेळा आढळलेले मूल्य ०.५ व १.५ डायॉप्टर होते. सरासरीने भेद झाकला, तो असा. याउलट नेपाळमधील सांदुक रुईत व सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासात कानशिलाकडून लघुछेद घेतलेल्या गटात ६ महिन्यांनंतर ८९ टक्के, तर फेको गटात ८५ टक्के रुग्णांना चष्म्याविना ही दृष्टी लाभली. दोन्ही अभ्यासांतील शल्यचिकित्सक व रुग्ण भिन्न असल्याने सर्व श्रेय स्थानाला देता येणार नाही. तथापि लघुछेद तंत्र मुळातच कनिष्ठ आहे, हा समज टिकत नाही.

निष्कर्ष :
छेदाचे स्थान शल्यचिकित्सकाच्या सवयीने नव्हे, तर रुग्णाच्या केराटोमेट्रीने ठरावे. तसेच यशाची नोंद चष्म्याविना दृष्टीवरून व्हावी. शिबिरातून गावी परतलेला रुग्ण चष्म्यासाठी पुन्हा येईलच असे नाही. त्याच्या दृष्टीने तीच खरी दृष्टी होय.