कल्पित प्राण्याचा चारा

डुगल डिक्सन या स्कॉटिश भूवैज्ञानिक लेखकाचे ‘आफ्टर मॅन’ हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. मनुष्य नष्ट झाल्यानंतर पाच कोटी वर्षांनी पृथ्वीवर कोणते प्राणी वावरत असतील, याची ती सचित्र कल्पना आहे. विज्ञानकथा म्हणावी तर तीत कथा नाही. प्राणिशास्त्र म्हणावे तर वर्णिलेले प्राणी अस्तित्वात नाहीत. तरीही हे पुस्तक साहित्यकृती म्हणून तपासले पाहिजे. कारण कल्पिताने वास्तवाचे ऋण किती मानावे, हा प्रश्न त्यात उघडपणे समोर येतो.

डिक्सनची रीत सरळ आहे. सशांचे वंशज हरणांची जागा घेतात, उंदरांचे वंशज लांडग्यांची. शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे चटकन पटते : पद कायम, पदाधिकारी नवा. त्याच न्यायाने आफ्रिकेच्या दलदलीत पाणउंदरांच्या कुळातला एक अजस्र प्राणी पाणवनस्पतींवर चरतो. मराठीत त्याला ‘चिखलगिळ्या’ म्हणता येईल. देह बुडालेला ठेवूनही सावध राहता यावे म्हणून त्याचे डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर आहेत. चित्र पटते, पण ते पाणघोडा आपल्या परिचयाचा आहे म्हणून. लेखकाने येथे सोपा पेपर सोडवला आहे, असे माझे मत आहे.

खरी कसोटी लहान चरणाऱ्याची. गवत हे निकृष्ट अन्न. ते पचवायला मोठे पोट आणि पुष्कळ वेळ लागतो. शिवाय लहान देहातली ऊब पाण्यात झपाट्याने निघून जाते. युरोपातला पाणउंदीर ओढ्याकाठचे गवत खाऊन जगतो खरा. पण त्याला सतत खावे लागते आणि आसऱ्याला काठावरचे बीळ लागते. असा प्राणी आमच्या पैनगंगेत कल्पून पाहावा. श्रावणात बीळ पुराखाली. वैशाखात पात्रात डोह तेवढे उरलेले आणि त्यांच्या काठची हिरवळ गुरांनी आधीच संपवलेली. पुढे गोदावरीत शिवारमच्या मगरी आहेतच. आपल्या नद्यांत शेवाळ खरवडण्याचे काम मासे आणि गोगलगायी करतात. सस्तन प्राण्याने ती जागा का घेतली नाही, याचे उत्तर ज्याच्यापाशी असेल त्यालाच तो प्राणी निर्माण करता येईल.

या बाबतीत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले प्राणहितेकाठचे खडक बोलके आहेत. तेथील ‘कोटा’ थरांत सापडलेल्या, १९८८ साली नामकरण झालेल्या कोटासॉरस या शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे. त्याच थरांतला कोटाथेरियम हा चिमुकला सस्तन प्राणी मात्र दातावरून ओळखला गेला. १९८१ साली, म्हणजे डिक्सनच्या पुस्तकाच्याच वर्षी, त्याचे नामकरण झाले. चारा खाणारा प्रचंड. चिमुकला बहुधा किडे खाऊन जगणारा.

पंचतंत्रातले प्राणी बोलतात; त्यांचा आहार कथेच्या सोयीने ठरतो, आणि नीतिकथेला तो शोभतोही. दिवंगत जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला खगोलशास्त्राची शिस्त दिली. प्राणी कल्पिताना ती शिस्त क्वचितच दिसते : शिंगे, रंग, डोळे यांचे वर्णन पानभर, दातांविषयी अक्षर नाही. पैनगंगेतला असा प्राणी कोणी लिहावयास घेतलाच, तर त्याने वैशाखातल्या डोहापासून आरंभ करावा.