अटामीचा समुद्र : 'टोकियो स्टोरी'च्या निमित्ताने

पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली आजी-आजोबा व वयोवृद्धांसाठी जागतिक दिन सुरू केला आणि त्यासाठी जुलै महिन्याचा चौथा रविवार नेमून दिला. संत योआकिम व संत आन्ना यांचा सण 26 जुलैला येतो, म्हणून हा रविवार. आमच्या दिघीच्या धर्मग्रामात त्या दिवशी मिस्सानंतर ज्येष्ठांना गुलाबाचे फूल, चहा आणि एखादे भाषण असा कार्यक्रम होत असे. या खेपेस भाषणाऐवजी सभागृहात एक जुना जपानी चित्रपट दाखवावा असे मी सुचवले. यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी', 1953 सालचा. चित्रपट कृष्णधवल, लांबी सव्वादोन तासांची, उपशीर्षके इंग्रजी. पडद्याशेजारी उभा राहून मी संवादांचा आशय मराठीत सांगत होतो आणि पुष्कळदा मागे पडत होतो. मध्यंतरात काही पुरुष मंडळी उठून गेली, ते मी समजू शकतो. जे बसून राहिले त्यांच्याशी नंतर जे बोलणे झाले, त्यातून हा लेख निघाला आहे.

कथा चार ओळींची आहे. ओनोमिची नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात शुकिची आणि तोमी हे वृद्ध जोडपे राहते. टोकियोतल्या मुलांकडे काही दिवस राहावे म्हणून दोघे लांबचा प्रवास करून येतात. थोरला मुलगा डॉक्टर आहे, मुलगी ब्यूटी पार्लर चालवते. एक मुलगा युद्धात गेला, त्याची विधवा नोरिको कचेरीत नोकरी करते आणि एका खोलीत राहते. पाहुणचार होतो, आई-वडील परततात, वाटेत आई आजारी पडते आणि घरी पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत वारते. बस, एवढेच.

आता आपल्या मराठी रंगभूमीकडे वळून पाहू. वृद्ध आई-वडील हा विषय निघाला की आपल्याला पहिल्यांदा आठवतो तो 'नटसम्राट'. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक 1970 च्या डिसेंबरात रंगमंचावर आले, डॉ. श्रीराम लागूंनी अप्पा बेलवलकर उभे केले आणि मराठी माणसाच्या मनात म्हाताऱ्या बापाची प्रतिमा कायमची ठरून गेली. त्या भाषेचे सामर्थ्य मी नाकारत नाही. सेमिनरीत असताना आम्ही त्यातील स्वगते पाठ म्हणत असू. परंतु पन्नाशी ओलांडल्यावर ते नाटक पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकते. तेथे बोलतात ते अप्पा. मुलगा, सून, मुलगी, जावई हे बहुतांशी त्यांच्या बोलण्याचे निमित्त आहेत. मुलीच्या घरी आई-वडिलांवर पैशांच्या चोरीचा आळ येतो, त्या क्षणी प्रेक्षागृहातील प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक सून सुटकेचा निःश्वास टाकते. 'आम्ही काही असे नाही,' हे वाक्य मनात उमटते आणि अश्रू मोकळेपणी वाहतात. दुसऱ्याच्या पापावर रडणे सोपे असते, हे पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

जयवंत दळवींचे 'संध्याछाया' (1973) अधिक जवळचे वाटते. नाना आणि नानी घरात दोघेच. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा हवाई दलात. तेथे कोणी खलनायक नाही. पण तेथे मुलेही नाहीत. रिकामे घर, न येणारी पत्रे आणि वाट पाहणे हे त्या नाटकाचे द्रव्य. म्हणजे एका नाटकात मुले आहेत ती दुष्ट आहेत, दुसऱ्यात ती बरी असावीत पण दूर आहेत. आपल्या दिघीच्या दोन खोल्यांच्या घरात जे घडते ते या दोहोंच्या मध्ये घडते. मुले दुष्ट नाहीत आणि समोर हजर आहेत. भोसरीत किंवा चाकणला पाळी बदलते, धाकट्याची दहावी आहे, सून नोकरीला जाते आणि गावाकडून वडील तीन महिन्यांसाठी आले आहेत. याचे नाटक कोण लिहिणार?

ओझूने ते 1953 सालीच लिहून ठेवले आहे. आजी-आजोबांसाठी खोली मोकळी करायची म्हणून नातवाचे अभ्यासाचे मेज बाहेर काढले जाते आणि तो चिडतो. या प्रसंगाला आमच्या सभागृहात हशा पिकला, आणि तो ओळखीचा हशा होता. रविवारी डॉक्टर मुलगा आई-वडिलांना शहर दाखवायला नेणार, सगळ्यांनी कपडे घातलेले, आणि ऐनवेळी एका आजारी मुलासाठी बोलावणे येते. तो जातो. त्याने जावे की जाऊ नये? जाणेच योग्य आहे. आई-वडीलही तेच म्हणतात. येथे दोष कोणाचाच नाही आणि तरी म्हाताऱ्यांचा दिवस हुकतो. मुलगी, शिगे, अधिक कोरडी आहे. आई-वडिलांसाठी महागाचा खाऊ आणला म्हणून ती नवऱ्याला बोलते. तरीसुद्धा दिग्दर्शक तिला सुळावर चढवत नाही. वडील दारू पिऊन मध्यरात्री घरी येतात तेव्हा तिच्या संतापातून आपल्याला कळते की हे त्यांचे जुने व्यसन होते आणि तिच्या आईने त्यापायी पुष्कळ सोसले होते. म्हातारपण माणसाला आपोआप संत करत नाही. मुलांच्या आठवणींचीही एक वही असते, हे ओझू विसरत नाही. अप्पा बेलवलकरांच्या घरात ती वही कोणी उघडतच नाही.

आता समुद्राकडे येऊ, कारण चित्रपटाचा गाभा मला तेथे दिसतो. आई-वडिलांचे काय करावे हे सुचेनासे झाल्यावर भाऊ-बहीण पैसे जमवून त्यांना अटामी या किनाऱ्यावरच्या, उन्हाळ्यांसाठी प्रसिद्ध गावी पाठवतात. हिशेब साधा आहे: घरी ठेवून खर्च होणारच, त्यापेक्षा हे स्वस्त, आणि त्यांनाही हवापालट. बेत प्रेमाचा आहे आणि सोयीचाही आहे, आणि त्यातले प्रेम कोठे संपते नि सोय कोठे सुरू होते हे बेत करणाऱ्यालाही सांगता येणार नाही. अटामीचे ते विश्रामगृह तरुणांचे आहे. रात्रभर गाणी आणि जुगाराच्या सोंगट्यांचा खळखळाट. कॅमेरा खोलीच्या दाराबाहेर नीट जोडून ठेवलेल्या सपातांच्या दोन जोड्यांवर थांबतो. आत दोघे जागे आहेत. सकाळी दोघे समुद्राच्या बांधावर सारखेच सुती झगे घालून बसतात. घरी जावे असे दोघांच्याही मनात आले आहे. उठताना आईला भोवळ येते. ती सावरते, हसते, झोप झाली नाही म्हणून असेल असे ठरते. पाहणाऱ्याला मात्र ठाऊक होते की ती फार दिवसांची सोबती नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी, जी मला स्वतःला तिसऱ्यांदा पाहताना दिसली. ओनोमिची हे बंदर आहे. या माणसांचे घर समुद्रावरच आहे; चित्रपटाच्या आरंभी आणि अखेरीस होड्यांच्या यंत्रांचा आवाज घरात ऐकू येतो. जे आयुष्यभर समुद्राशेजारी राहिले त्यांना मुलांनी समुद्र पाहायला धाडले! आपले आई-वडील कोठून आले आहेत याचाच मुलांना विसर पडला आहे, आणि हे ओझू एका शब्दानेही सांगत नाही. सभागृहात वसईकडच्या एक आजी होत्या, मुलाकडे पावसाळ्यापुरत्या आलेल्या. चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, ''फादर, समुद्र काय बघायचा असतो? समुद्रावर कामाला जायचं असतं.'' गेल्या नाताळच्या सुट्टीत त्यांना अलिबागला नेले होते म्हणे. मुलगा शेजारीच उभा होता. तो हसला, पण थोडा उशिरा हसला.

मी त्या मुलाला काय सांगणार? माझा स्वतःचा हिशेब सरळ नाही. 2003 साली मी वेंगुर्ल्याच्या बाजूला एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. सिंधुदुर्ग धर्मप्रांत तेव्हा वेगळा झालेला नव्हता, तो किनारा पुणे धर्मप्रांतातच होता. (दळवींचे आरवली तेथून जवळच, 'संध्याछाया' मी त्या दिवसांत वाचले.) माझी आई नगर जिल्ह्यातली, दुष्काळी गावची. ती दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आली. समुद्र तिने पूर्वी पाहिला नव्हता. पहिल्या संध्याकाळी मी तिला वाळूवर नेले, आणि त्यानंतर फेस्ताची तयारी, धर्मशिक्षणाचे वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी यांत बुडून गेलो. तिने अंगण झाडायला घेतले तर मी झाडू काढून घेतला, फादर आईला राबवतात असे लोक म्हणतील म्हणून. वेदीची वस्त्रे धुते म्हणाली, तेही नको म्हटले. तिला आराम द्यायचा होता ना! ती पडवीत बसून राही. पुढे माझ्या तपसाधनेचे दिवस आले तेव्हा मी तिला सिस्टरांच्या एका गटाबरोबर जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला पाठवून दिले. यात्रा घडली, पुण्य घडले, माझेही काम झाले. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पिशवी बांधलेली होती. चारचौघांत ती मला 'फादर' म्हणे. त्या दिवशी पडवीत कोणी नव्हते तरी म्हणाली, ''फादर, आता मला गाडीत बसवून द्या.'' महिना अजून शिल्लक होता.

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू अशा लोकांना फटकारतात, की जे आई-वडिलांना द्यायचे ते देवाला अर्पण केल्याचे सांगून मोकळे होतात. त्या उताऱ्यावर मी कित्येक प्रवचने केली आहेत. अटामीचा प्रसंग पाहीपर्यंत तो उतारा मला माझ्याविषयी वाटला नव्हता.

या विषयावरील दुसऱ्या दोन चित्रपटांचा येथे उल्लेख करावासा वाटतो. 'टोकियो स्टोरी'चे सहलेखक कोगो नोदा यांनी लिओ मॅककॅरी या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'मेक वे फॉर टुमॉरो' (1937) पाहिला होता. ओझूच्या कथेचे बीज त्यात आहे. घर गमावलेल्या वृद्ध दांपत्याला तेथे मुले वाटून घेतात, एकाकडे आई, दुसऱ्याकडे वडील. याच मॅककॅरीने पुढे 'गोइंग माय वे' (1944) काढला, ज्यातला बिंग क्रॉस्बीचा फादर ओमॅली आमच्या पिढीच्या सेमिनरींतही लाडका होता. त्याच्या शेवटी वृद्ध धर्मगुरूची अतिवृद्ध आई आयर्लंडहून येते, ती त्याला मिठीत घेते आणि चित्रपट संपतो. मी तो पाहून प्रत्येक वेळी डोळे पुसले आहेत. परंतु आता वाटते की मॅककॅरीने तेथे आपल्याला थोडे फसवले. आई आली, ठीक. तिसऱ्या आठवड्यात काय झाले? ती त्या धर्मग्रामाच्या घरात दिवसभर काय करत असे? ओझूचा चित्रपट आई दाराशी आल्यावर सुरू होतो, आणि त्याचे मोठेपण या एका निवडीत आहे असे माझे मत आहे.

नोरिकोविषयी लिहिल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. रक्ताचे नाते नसलेली ही सून कचेरीतून रजा काढून सासू-सासऱ्यांना शहर दाखवते, शेजारणीकडून मद्य आणि प्याले उसने आणून त्यांचा सत्कार करते, सासूला आपल्या खोलीत झोपवते. आमच्या वाचकांना येथे रूथ आणि नामी आठवल्याखेरीज राहणार नाहीत. दोन्हीकडे विधवा सून, दोन्हीकडे वडीलधाऱ्यांचा आग्रह की तू पुन्हा लग्न कर, तुझे आयुष्य मोकळे आहे. पण साम्य येथे थांबते. रूथ सासूबरोबर चालू लागते. नोरिको अखेरीस टोकियोच्या गाडीत बसते. आणि निघण्यापूर्वी ती सासऱ्यांजवळ कबूल करते की आपण तितक्या चांगल्या नाही, नवऱ्याची आठवण हल्ली सदैव येते असेही नाही, आपण कशाची तरी वाट पाहत आहोत. हे पापनिवेदनच आहे. म्हातारा तिला उपदेश करत नाही. तो बायकोचे घड्याळ आणून तिच्या हातात ठेवतो. मी पंचवीस वर्षे पापनिवेदने ऐकतो आहे. इतके थोडके आणि इतके पुरेसे उत्तर मला क्वचितच सुचले आहे.

एक आक्षेप नोंदवतो. नोरिकोपाशी वेळ आहे कारण तिच्या घरात दुसरे कोणी नाही. मूल नाही, नवरा नाही, सासर नाही. शिगेच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइके आहेत. चांगुलपणाची तुलना करताना दिग्दर्शकाने पारडे थोडे आधीच झुकवून ठेवले आहे. ओझू स्वतः अविवाहित राहिला आणि आपल्या आईबरोबर राहिला. पाहुणी आई म्हणजे काय हे त्याने बाहेरून पाहिले असावे. आमच्या सभेत एका सुनेने हेच विचारले, थोड्या रागाने: ''फादर, नोरिकोला डबे भरायचे होते का?'' मला उत्तर देता आले नाही आणि आजही येत नाही.

तंत्राबद्दल एवढेच, की कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर राहतो. त्यामुळे उभी असलेली, घाईत असलेली, आत-बाहेर करणारी मुले उंच दिसतात आणि बसलेले आई-वडील आपल्या समोर येतात. कोपऱ्यात सतरंजीवर बसवलेल्या पाहुण्याला घर असेच दिसत असेल.

शेवटी तोमी गेल्यावर मुले जमतात, रडतात, जेवतात, शिगे आईचा किमोनो आठवण म्हणून मागून घेते आणि त्याच दिवशी बहुतेक सारी परततात. म्हातारा खिडकीशी बसतो. शेजारीण डोकावून दोन शब्द बोलते, होड्या जातात. सभागृहातले दिवे लागले तेव्हा वसईच्या त्या आजींनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की आता त्याला जेवण कोण करून घालणार. धाकटी मुलगी घरी आहे, ती शाळेत शिकवते, असे मी सांगितले. ''मग दुपारचं?'' त्या म्हणाल्या.